घाम जरा जास्तच खारट?

नाणेघाट चढून घाटघरला पोहोचलात की काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात ना? खरं तर घामातलं बरंच मीठ ग्रंथी परत खेचून घेतात. त्यातल्या क्लोराइडचं दार म्हणजे सीएफटीआर हे प्रोटीन. १४८० अमिनो आम्लांची माळ! त्यातलं ५०८वं गळलं, की घडी बिघडते आणि दार पेशीच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. (आई-बाबा दोघांकडूनही बिघडलेला जीन आला, तर हं.) मग घाम खारट, छातीतला कफ चिकट : सिस्टिक फायब्रोसिस. ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्षित. बाळाचा पापा खारट लागतोय, वजन वाढत नाहीये, खोकला हटत नाहीये? डॉक्टरांना घामाच्या टेस्टबद्दल विचाराच. ट्रायकाफ्टा हे औषध अमेरिकेत २०१९ साली आलं. ते दार बऱ्यापैकी जागेवर आणतं. तेव्हाची किंमत? वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर.