हॅम रेडिओची परीक्षा द्यायची आहे? सुरुवात अशी करा

हॅम रेडिओवर बोलायचं तर आधी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली मुलंही ती देऊ शकतात. इंजिनिअर असण्याची अजिबात गरज नाही!

श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मोर्सही यावं लागतं, मिनिटाला ८ शब्द. लेखी परीक्षेचे भाग दोन: रेडिओचं तंत्र आणि नियम.

📻 तंत्र: ओहमचा नियम हातात बसू द्या. १२ व्होल्ट, ६ ओहम, म्हणजे २ अँपिअर आणि २४ वॅट. तरंगलांबीचं सूत्र तर फारच सोपं: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. १४५ मेगाहर्ट्झला साधारण २ मीटर येतात, म्हणूनच तो ‘टू मीटर बँड’. डायपोल अँटेना त्याच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे जेमतेम एक मीटर. एकदा स्वतः बनवून बघा, धडा कायमचा लक्षात राहतो.

📻 नियम: क्यू कोड रोज पाच पाठ करा. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोच, क्यूआरएम म्हणजे इतर स्टेशनांचा अडथळा. संकटाची हाक आवाजात ‘मेडे’, मोर्समध्ये ‘एसओएस’.

📻 मोर्स: टिंब-रेघा कागदावर मोजू नका, कानाने शिका. ‘ए’ म्हणजे ‘डि-डा’. रोज १५ मिनिटं पुरेत.

वादळात, भूकंपात मोबाईल बंद पडतात, तेव्हा हीच विद्या निरोप पोचवते. म्हणून मनापासून शिका. पहिल्या कॉलसाइनचा आनंद काही औरच!

#हॅमरेडिओ