सर्व्हिसिंगनंतर गाडी बंद पडली? इंजिन खोलू देण्याआधी हे वाचा

करंजाडे (ता. पनवेल) : गाडी सर्व्हिसिंगहून आणली आणि दोन दिवसांत इंजिन जॅम झाले, तर गॅरेजवाल्याचे उत्तर ठरलेले, "गाडीच जुनी आहे." ऑइल बदलल्यावर चेंबरचा नट नीट आवळला नाही, तर ऑइल गळते आणि कोरडे इंजिन धरते. दुरुस्तीचा खर्च मग सर्व्हिसिंगच्या बिलाच्या कित्येक पट.

ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बंद करावी. तशीच रेटली तर दोष मालकावर ढकलला जातो. गळलेले ऑइल, ढिला नट, किलोमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढावेत. बिल, जॉब कार्ड, टोइंगची पावती जपावी. मुख्य म्हणजे त्याच गॅरेजला लगेच इंजिन खोलू देऊ नये, एकदा खोलले की पुरावा गेला. आधी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून लेखी अहवाल घ्यावा.

मग गॅरेजला लेखी नोटीस. दाद नाही मिळाली तर 1915 वर तक्रार करता येते, पण ही हेल्पलाइन फक्त मध्यस्थी करते. भरपाईचा आदेश जिल्हा ग्राहक आयोग देतो. रायगडचा आयोग अलिबागला आहे, तरी ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. 2019 च्या कायद्याप्रमाणे मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, आणि सर्व्हिसिंगच्या बिलाएवढ्या रकमेला फीही लागत नाही. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणाराही तक्रार करू शकतो. बिल न घेता रोख दिले असतील, तर मात्र अवघड आहे.