*जुन्या पिकअपचा येता-जाता बिघाड : पार्ट बदलण्याआधी जोड तपासा*



मार्केटला माल नेणाऱ्या जुन्या पिकअप, जीप, टेम्पोचा हा त्रास अनेकांच्या ओळखीचा आहे. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, दुपारी नुसतं 'टक' वाजतं. खड्ड्यात गेली की हेडलाइट मिचमिचतात. मेकॅनिककडे नेली की मात्र शहाण्यासारखी चालते! मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ, नंतर डायनामो. पैसे जातात, बिघाड तिथेच राहतो, आणि एखाद्या रात्री भरल्या मालासकट गाडी रस्त्यात उभी राहते.

असा येता-जाता बिघाड बऱ्याचदा पार्टमध्ये नसून *जोडात* असतो. सैल टर्मिनल, गंजलेली अर्थ वायर, ढिला फ्यूज किंवा उंदराने कुरतडलेली वायर. हादरा, उष्णता किंवा ओल लागली की जोड सुटतो आणि परत बसतो. म्हणून या क्रमाने बघा:

*1) नोंद ठेवा.* बिघाड कधी होतो? गाडी तापल्यावर, पावसात की धुतल्यानंतर? त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. हेडलाइट, हॉर्न, सेल्फ सगळंच मंदावत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनल आणि मुख्य अर्थ बघा. एकच वस्तू बंद पडत असेल तर तिचा फ्यूज, स्विच आणि वायर बघा.

*2) टर्मिनल साफ करा.* इंजिन बंद ठेवून आधी निगेटिव्ह (–) वायर काढा, मग पॉझिटिव्ह (+). पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

*3) मल्टिमीटर लावा* (डीसी 20 व्होल्टवर). रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास हवं. तेवढं येत नसेल तर बेल्ट आणि डायनामोचे जोड बघा. (हे आकडे 12 व्होल्टच्या गाडीचे.)

*4) अर्थ तपासा.* गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. दोन्ही टोकं खोलून घासा, नाहीतर वायर बदला. नुसत्या टेस्टर दिव्यावर भरवसा ठेवू नका. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी दिवा पेटतो, पण सेल्फला लागणारा शंभर-दोनशे अँपिअरचा करंट त्यातून जात नाही.

*5) हलवून बघा.* इंजिन बंद, दिवे चालू. फ्यूज बॉक्स, जोड आणि वायरी एकेक करून हलवा. जिथे हात लावल्यावर दिवा मिचमिचेल, तिथेच दोष.

⚠️ *हे करू नका*
▪️ उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदी बसवू नका. वायर तापून गाडी पेटू शकते. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. तो पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा.
▪️ चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका. डायनामो जळू शकतो.
▪️ बॅटरीजवळ विडी-काडी नको. काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा.

एवढं करूनही त्रास राहिला तर सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात किंवा रिले खराब असू शकतो. मग गाडी वायरमनकडे न्या. जाताना तुमची नोंद, मल्टिमीटरचे आकडे आणि व्हिडिओ सोबत ठेवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे वाचतील.

हंगामात गाड्यांची धावपळ वाढण्याआधी एकदा ही तपासणी करून घ्या. मेसेज जपून ठेवा आणि गाडी चालवणाऱ्यालाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी