पडद्यावरील छाया

वर्गात स्लाइड दाखवावी ती प्रश्न जागा करण्यासाठी, उत्तर पुरविण्यासाठी नव्हे, असे मला वाटते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झालेल्या आपल्या उज्जैनच्या वेधशाळेचेच उदाहरण घेऊ. तेथील सम्राट यंत्राच्या भिंतीचा उतार येथील अक्षांशाइतका, सुमारे २३ अंश ११ कला आहे. म्हणून ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. एवढे वाक्य पडद्यावर आले, तर विद्यार्थी ते उतरवून घेतो, समजून घेत नाही.

त्याऐवजी एकाच जागेवरून सकाळी, मध्यान्ही व दुपारी घेतलेली तीन छायाचित्रे दाखवावीत. प्रत्येकावर दिशा आणि घड्याळातील वेळ एवढेच असावे. सकाळी भिंतीची छाया पश्चिमेच्या चापावर पडते, दुपारी पूर्वेच्या. मधल्या चित्रापाशी थांबून विचारावे, 'यंत्रावर मध्यान्ह झाली, मग घड्याळात बारा वाजून गेले कसे?' प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताहून उज्जैन पश्चिमेस असल्याने येथील मध्यान्ह सरासरी २७ मिनिटे उशिरा होते. परंतु हे लगेच सांगू नये. दुसऱ्या दिवशी वर्ग यंत्रापाशी न्यावा.

आज बोटाच्या एका स्पर्शाने शंभर चित्रे सरकतात. पडदा मिटल्यावर विद्यार्थ्याची दृष्टी उन्हाकडे वळली, तरच त्यांतील एखादे शिकवून गेले असे मी मानतो.