तुपाखाली वाढलेली लस

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा त्याचा जिवाणू सापडून दोनच वर्षे झाली होती. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये ओळखला होता. ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत कामाला लागले. मांसाच्या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जिवाणूंचे धागे पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन जिवाणू मारले की लस तयार! १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. हा उघड अन्याय होता, आणि तो दूर व्हायला १९०७ उजाडले. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमधली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.