जागा पेलते किती

कोणत्याही जागेला माणसांचा भार पेलण्याची मर्यादा असते. देवळाचे फरसबंदी अंगण दिवसभरात हजारो पावले सोसते; इंचभर मातीत उगवलेले फूल एकाच पावलाखाली जाते. ही मर्यादा ओळखून केलेल्या प्रवासाला जबाबदार पर्यटन म्हणतात. जागेचे काय बिघडते, त्याची किंमत कोण भरतो आणि पर्यटकाचा पैसा कोणाच्या हाती पडतो, हे तीन प्रश्न त्यात येतात. तासगावापासून साताऱ्यापर्यंतच्या टापूत त्यांची उत्तरे जागोजाग बदलतात.

तासगावचा गणपती भाद्रपद शुद्ध पंचमीला रथात बसतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी 1779 ते 1799 या काळात बांधवून घेतलेल्या या देवळाला सात मजली गोपुर आहे. असे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर महाराष्ट्रात विरळाच. रथ माणसेच दोरखंडांनी काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. त्या दिवशी गावात पाऊल ठेवायला जागा नसते. देऊळ आणि परंपरा ही गर्दी पेलतात. ताण येतो तो रस्त्यांवर, गटारांवर आणि पिण्याच्या पाण्यावर. तालुका मुळात अवर्षणप्रवण, त्यामुळे पाण्याचा प्रश्न इथे नाजूकच. रथ ओढायला येणाऱ्याने एसटीने यावे, पाण्याची बाटली घरून आणावी आणि रिकामी परत न्यावी, एवढ्यानेही गावाला दुसऱ्या दिवशी हायसे वाटते. ज्याला फक्त गोपुर पाहायचे आहे त्याला उरलेले सगळे वर्ष मोकळे आहे.

तासगावात पाहुणा येतो तो दुसऱ्या कारणानेही. थॉमसन सीडलेसमधून निवडलेल्या एका द्राक्षवाणाला या गावावरूनच ‘तास-ए-गणेश’ हे नाव मिळाले. जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बागा भरलेल्या असतात आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून घडासोबत फोटो काढायचा मोह कोणालाही होतो. पण द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखा पांढुरका थर असतो. बोट लागले की तो पुसला जातो, मणी डागाळलेला दिसतो आणि घडाचा भाव उतरतो. वर्षभराची छाटणी, फवारणी आणि कर्ज त्या घडात असते, हे बाहेरून दिसत नाही. विचारून आत जावे, हात न लावता पाहावे आणि फवारणी झालेला घड न धुता तोंडात टाकू नये. बेदाणा घ्यायचा तर थेट शेडवरून घ्यावा. साधारण चार किलो द्राक्षे वाळली की एक किलो बेदाणा होतो, हे ठाऊक असलेला माणूस भाव पाडून मागताना जरा थबकतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पर्यटकाचा पैसा गावात राहण्याचा याहून सोपा मार्ग शोधावा लागत नाही.

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्याच्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य म्हणजे माणसाने उभे केलेले जंगल. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन उघड्या डोंगरांवर झाडी वाढवली, हरणे बाहेरून आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये सुमारे 11 चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथे बारमाही झरा नाही, म्हणून उन्हाळ्यात जनावरांची भिस्त बांधलेल्या पाणवठ्यांवर असते. पाणवठ्याशी गोंगाट झाला की तहानलेले हरीण मागे फिरते. हरणांना बिस्किटे किंवा चपाती घालणे हे प्रेमाचे वाटले तरी अपायाचे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला पिठाचे पदार्थ सोसत नाहीत, आणि खारट वास लागलेली पिशवी ते प्लॅस्टिकसकट गिळते. शिवाय माणसाकडून खायला मिळते हे कळलेल्या हरणाला कुंपणापलीकडच्या शेतांचीही भीती उरत नाही. अभयारण्याभोवतीचे शेतकरी पिकांच्या नासाडीबद्दल आधीच त्रासलेले आहेत. पर्यटकाच्या हौसेची किंमत तेच भरतात.

सर्वांत नाजूक जागा कास पठाराची. साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, 1200 मीटरच्या आसपास उंचीवर जांभ्या खडकाचे हे पठार पसरले आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, त्यांत कासही होते. खडकावर मातीचा थर अगदी पातळ आणि निकस. म्हणूनच इथे सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या किडे खाऊन गुजराण करणाऱ्या वनस्पती तग धरतात. पाय पडला की ही माती दबते, बी रुजत नाही आणि तिथे फुलांऐवजी पायवाट उरते. समाजमाध्यमांवर गाजलेल्या फोटोंनी कासचे रंग भडक केले, प्रत्यक्षात अनेक फुले नखाएवढी असतात. ती पाहायला वाटेवरच गुडघे टेकावे लागतात; ताटव्यात लोळून ती दिसत नाहीत.

गर्दी आवरण्यासाठी हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेश शुल्क आले. व्यवस्था वनविभागासोबत आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात, त्यामुळे वाट दाखवण्यापासून वाहनतळापर्यंत गावच्या मुलांना काम मिळते. ही रचना कागदावर चांगली आहे आणि पठारावरही बरीचशी चालते. शनिवार-रविवारी मात्र घाटातल्या रांगा सांगतात की आकड्याची मर्यादा घातली म्हणून भार सारखा वाटला जात नाही. मधल्या वारी गेलेला पर्यटक स्वतःचाही फायदा करून घेतो.

कुंपणाची कथा अधिक बोलकी आहे. फुलांच्या रक्षणासाठी पठाराला तारेचे कुंपण घातले गेले आणि गुरांची चराई थांबली. पुढे अभ्यासक आणि गावकरी सांगू लागले, की गुरे उंच गवत खात होती, शेण टाकत होती. चराई बंद झाल्यावर गवत माजले आणि फुले आक्रसली. अखेर कुंपण काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्यांना या जागेचे जे गणित ठाऊक होते, ते तार ओढताना कोणी विचारले नव्हते.

पठाराला लागूनच कास तलाव आहे. फुले पाहून झाली की काठावर डबे उघडतात, पत्रावळ्या आणि खरकटे तिथेच राहते, कोणी ताटे विसळतो, कोणी गाडी धुतो. हा तलाव सातारा शहराला पाणी पुरवतो. संध्याकाळी घाट उतरून साताऱ्यात जेवायला थांबलेल्या त्याच पर्यटकापुढे पेल्यातून येते ते बहुधा तेच पाणी.