खालच्या गुंत्याचं मूळ वरच

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते आणि दरेकसाच्या एरवी निवांत स्टेशनवर माणसांचा लोंढा उतरतो. यात्रेआधी घरच्या मशीनवर नवं ब्लाउज शिवायला घ्यावं, तर नवशिक्याचं हटकून एकच रडगाणं: कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतंय! मग बिचाऱ्या बॉबिनवर राग निघतो. दोष बहुधा तिचा नसतोच.

हातशिलाईच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सगळी गंमत तिथेच आहे. सुई खाली जाऊन किंचित वर येऊ लागते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा इवलासा फासा सुटतो. शटलची अणी तो पकडून बॉबिनभोवती फिरवते. वरचा दांडा झटक्यात दोरा ओढतो आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत दडते. अमेरिकेत एलियास होवे यांनी 1846 साली अशाच टाक्याच्या मशीनचं पेटंट मिळवलं.

वरचा दोरा ढिला असेल किंवा ताणाच्या चकत्यांत बसलाच नसेल, तर तो फासा वर ओढला जात नाही, खालीच लोंबतो. म्हणून आधी दाबपट्टी उचलून वरचा दोरा नव्याने ओवा. पट्टी खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरत नाही. मग चिंधीवर चार टाके घालून पाहा. वर लाल, खाली पांढरा दोरा घेतलात, तर कोण कोणाला ओढतंय ते लगेच दिसेल.

आणि हो, सुती कापड कातरण्याआधी भिजवून वाळवा. आटायचं ते आधीच आटू दे.